आधी पक्ष लिहा : प्लॅस्टिकच्या निवडीविषयी

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



याच सभागृहात मी पूर्वी एकदा बोलायला उभा राहिलो होतो. इयत्ता आठवीतील वक्तृत्व स्पर्धा होती. तिसऱ्या मिनिटाला पुढचे वाक्य आठवेना, म्हणून नमस्कार करून खाली बसलो. आज शाळेच्या हीरक महोत्सवात पुन्हा बोलावणे आले, तेव्हा सावधगिरी म्हणून कागद हातात घेऊनच आलो आहे. विषयही असा घेतला आहे की ज्यात माझी सारी नोकरी गेली : कारखान्यात तयार होणाऱ्या एखाद्या भागासाठी योग्य प्लॅस्टिक कसे निवडावे.

आपल्या बडोद्याला हा विषय परका नाही. १८९० साली महाराज सयाजीराव गायकवाड यांनी येथे कलाभवन स्थापन केले आणि त्याची धुरा प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्यावर सोपवली. तंत्रविद्या स्वभाषेतून शिकवावी, हा गज्जरांचा आग्रह होता. पुढे १९६९ साली इंडियन पेट्रोकेमिकल्स ही कंपनी स्थापन झाली आणि शहरालगत तिचे संकुल उभे राहिले. आमच्या वर्गातील अनेकांचे वडील त्या परिसरात कामाला होते. प्लॅस्टिकचा दाणा म्हणजे काय, हे आम्हांला पुस्तकाआधी वडिलांच्या खिशातून कळले. साबुदाण्यासारखे ते पांढरे दाणे आम्ही गोट्यांबरोबर डब्यात जपून ठेवत असू.

प्रारंभ आपल्या दप्तरापासूनच करू. साधे बॉलपेन घ्या. त्याची पारदर्शक नळी बहुधा पॉलिस्टायरीनची असते आणि टोपण पॉलिप्रॉपिलीनचे. एकाच पेनात दोन प्लॅस्टिके का? नळी ताठ हवी आणि शाई किती उरली ते दिसायला हवे. पॉलिस्टायरीन स्वच्छ, ताठ आणि स्वस्त आहे, पण ठिसूळ आहे. टोपण रोज अनेकदा लावायचे, काढायचे. दर वेळी ते किंचित फाकले पाहिजे आणि पुन्हा आवळले पाहिजे. तेथे पॉलिस्टायरीन आठवडाभरात तडकेल. पाण्याच्या बाटलीचे उघडझाप करणारे झाकण पाहा. झाकण आणि बूच यांना जोडणारी पातळ पट्टी हीच त्याची बिजागरी. पॉलिप्रॉपिलीनची अशी पट्टी नीट बनवली, तर लाखो वेळा दुमडूनही तुटत नाही. तीच पट्टी पारदर्शक फूटपट्टीच्या प्लॅस्टिकची केली, तर पहिल्याच दुमडीला कट् असा आवाज येईल. तो आवाज या सभागृहातील प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेला आहे, बहुधा दुसऱ्याची फूटपट्टी हातात असताना.

म्हणजे दप्तरातील प्रत्येक वस्तूमागे कोणीतरी एक निर्णय घेतलेला असतो. तो निर्णय कसा घ्यावा, याची रीत मला महाविद्यालयात नव्हे, या शाळेत शिकायला मिळाली. आमचे भूमितीचे सर प्रमेय सांगण्याआधी फळ्यावर तीन शब्द एकाखाली एक लिहीत : पक्ष, साध्य, सिद्धता. पक्ष म्हणजे जे दिलेले आहे ते, साध्य म्हणजे जे दाखवायचे आहे ते, आणि सिद्धता म्हणजे एकापासून दुसऱ्यापर्यंत जाण्याची वाट. कोणी घाईने सिद्धतेला हात घातला की सर वही परत करीत आणि एवढेच म्हणत, “आधी पक्ष लिहा.” सिद्धता अचूक असली तरी ते पानभर काम पुन्हा करावे लागे. तेव्हा आम्हांला तो जाच वाटे.

प्लॅस्टिकची निवड हे असेच एक प्रमेय आहे. “सर्वांत चांगले प्लॅस्टिक कोणते?” असे मला नेहमी विचारले जाते. या प्रश्नाला उत्तर नाही, कारण त्यात पक्षच दिलेला नाही. भागावर काय काय गुदरणार आहे, हे लिहिल्याशिवाय निवड होऊ शकत नाही.

पक्षातील पहिली ओळ भाराची. भार किती, हे सगळेच लिहितात. तो किती काळ राहणार, हे लिहायचे राहून जाते. कपडे वाळत घालण्याची नायलॉनची दोरी आज ताणून बांधली, तर चार महिन्यांनी ती सैल पडलेली दिसते. गाठ सुटलेली नसते, दोरीच सावकाश लांबलेली असते. सततच्या भाराखाली प्लॅस्टिक असे हळूहळू सरकत जाते. आमच्या धंद्यात याला क्रीप म्हणतात. नेहमीच्या तापमानाला पोलाद जे करीत नाही, ते प्लॅस्टिक करते. म्हणून माहितीपत्रकातील ताकदीचा आकडा जसाच्या तसा घेऊ नये. तो प्रयोगशाळेतील प्रमाणित तुकड्यावर, बहुधा २३ अंश सेल्सिअसला, काही मिनिटांत मोजलेला असतो. आपला भाग मात्र मे महिन्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये दहा वर्षे काढणार असतो.

दुसरी ओळ तापमानाची, आणि ती दोन्ही टोकांची. पेट नावाच्या प्लॅस्टिकची पाण्याची बाटली, जिच्या तळाशी त्रिकोणात १ हा आकडा असतो, तिच्यात उकळते पाणी ओतले तर ती आक्रसते आणि वाकडी होते, कारण साधारण ७० ते ७५ अंशांच्या पुढे ते प्लॅस्टिक मऊ पडू लागते. ५ हा आकडा असलेला पॉलिप्रॉपिलीनचा डबा उकळते पाणी सहज सोसतो. पण तोच डबा फ्रीजरमधून काढताना हातातून निसटला तर फुटतो, कारण शून्य अंशाच्या आसपास साधे पॉलिप्रॉपिलीन ठिसूळ बनते. पालकांसाठी सांगतो, तळाचा हा आकडा गुणवत्तेचा नसतो. तो प्लॅस्टिकची जात सांगतो, एवढेच.

तिसरी ओळ हवापाण्याची. नायलॉन हवेतील ओल शोषते. पाण्यात पुरते मुरले तर नायलॉन ६ आपल्या वजनाच्या सुमारे नऊ टक्के पाणी घेते आणि लांबीरुंदीत दोन ते तीन टक्के फुगते. बडोद्याच्या कोरड्या जानेवारीत नेमका बसवलेला नायलॉनचा गिअर कोचीच्या पावसाळ्यात अडकून बसू शकतो. ॲसिटल हे प्लॅस्टिक एक टक्क्याहूनही कमी पाणी घेते, म्हणून जेथे मापाला जपायचे तेथे ॲसिटल. परंतु यावरून नायलॉन हलके ठरत नाही. तीच ओल नायलॉनला चिवट बनवते. साच्यातून नुकताच निघालेला कोरडा नायलॉनचा भाग आपटला तर तडकू शकतो. म्हणून अनेक कारखान्यांत असे भाग मुद्दाम पाण्यात मुरवून मगच बांधणीला देतात. जो एका पक्षात दोष, तोच दुसऱ्या पक्षात गुण ठरतो.

चौथी ओळ उन्हाची. गच्चीवर राहिलेली प्लॅस्टिकची खुर्ची दोन-तीन उन्हाळ्यांत पांढुरकी पडते आणि एके दिवशी पाहुण्यासकट मोडते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण त्या प्लॅस्टिकच्या लांब साखळ्या तोडत असतात. यावरचा जुना आणि स्वस्त उपाय म्हणजे काजळी. पाणीपुरवठ्याच्या काळ्या एचडीपीई नळांत सुमारे अडीच टक्के कार्बन ब्लॅक मिसळलेले असते. त्यांचा काळा रंग शोभेसाठी दिलेला नाही. ते त्या नळाचे चिलखत आहे.

पाचवी ओळ स्पर्शाची. भागाला काय लागणार? तेल, साबण, ॲसिड, रंग पातळ करायचा थिनर, की पुसणाऱ्याच्या हातातले रॉकेल? ही ओळ समजण्यासाठी थोडे रसायनशास्त्र हवे. प्लॅस्टिकचे रेणू शेवयांसारखे लांबलचक असतात. काही प्लॅस्टिकांत या शेवया अस्ताव्यस्त गुंतलेल्या असतात. पॉलिस्टायरीन, ॲक्रिलिक, एबीएस आणि पॉलिकार्बोनेट ही या घराण्यातली. त्यांना अस्फटिकी म्हणतात. ती पुष्कळदा काचेसारखी पारदर्शक असतात आणि माप चांगले राखतात. दुसऱ्या घराण्यात शेवयांचा काही भाग घडी घातल्यासारखा नीट रचलेला असतो. पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीन, नायलॉन आणि ॲसिटल ही त्यातली. त्यांना अर्धस्फटिकी म्हणतात. ती बहुधा दुधाळ दिसतात, थंड होताना जास्त आक्रसतात, पण तेल आणि रसायने त्यांच्यात सहजी शिरत नाहीत. अस्फटिकी घराण्याची दुबळी बाजू नेमकी हीच आहे. ताण असलेल्या जागी एखादे प्रतिकूल तेल किंवा द्रावक लागले, की तेथे केसासारखे बारीक तडे उमटतात. या तड्यांविषयी मी थोड्या वेळाने पुन्हा बोलणार आहे.

सहावी ओळ घडणीची. कागदावर निवडलेले प्लॅस्टिक साच्यात उतरले पाहिजे. साच्यात थंड होताना एबीएस सुमारे अर्धा टक्का आक्रसते, पॉलिप्रॉपिलीन दीड टक्क्याच्या आसपास, ॲसिटल दोन टक्क्यांच्या आसपास. एबीएससाठी कोरलेल्या साच्यातून २०० मिलिमीटर लांबीचे झाकण बरोबर निघत असेल, तर त्याच साच्यात पॉलिप्रॉपिलीन घातल्यावर ते सुमारे दोन मिलिमीटर आखूड निघेल आणि डब्यावर बसणार नाही. “साचा आहेच, दाणा तेवढा बदला,” हे वाक्य मी अनेक मालकांच्या तोंडून ऐकले आहे. त्यातील ‘तेवढा’ हा शब्द फार महाग पडतो. शिवाय काही दाणे ओलसर चालत नाहीत. पॉलिकार्बोनेटचा दाणा मशिनमध्ये घालण्यापूर्वी १२० अंशांवर तीन-चार तास वाळवावा लागतो. तसे न केल्यास वितळताना त्या ओलीमुळेच त्याच्या साखळ्या तुटतात. भाग दिसायला जवळजवळ तसाच असतो, पण आतून कमकुवत झालेला असतो.

आणि भाव? तो येतोच, पण लोक किलोचा भाव पाहतात. भाग मात्र किलोने भरत नाही, आकारमानाने भरतो. साच्यातील १०० घनसेंटिमीटरची जागा भरायला पॉलिप्रॉपिलीन ९० ग्रॅम लागते आणि ॲसिटल १४१ ग्रॅम. म्हणून भाव नगाचा काढावा, आणि त्यात तो नग मोडल्यावर होणारा खर्चही धरावा.

ही शेवटची बाब, भाग मोडल्यावर काय होईल ही, मी बराच काळ पक्षात लिहीत नव्हतो. ती मला कशी शिकावी लागली, ते आता सांगतो. आजवर हे मी जाहीरपणे बोललो नव्हतो.

नोकरीच्या सहाव्या वर्षी मी एका लहान कंपनीत भागांची रचना करीत होतो. कारखान्यांत दाबाखालील हवा नळांतून फिरवतात. त्या हवेतील पाणी आणि धूळ अडवण्यासाठी नळावर गाळणी बसवतात. गाळणीखाली एक वाटी असते आणि किती पाणी साचले ते बाहेरून दिसावे म्हणून ती पारदर्शक हवी असते. आतला दाब सुमारे ७ बार. ही वाटी मी पॉलिकार्बोनेटची ठरवली. पारदर्शक आणि हातोडी मारली तरी न फुटणारी! वाटीत पाणी भरून कामाच्या दाबाच्या चौपट दाब दिला, तरी ती टिकली. मला माझ्या निवडीचा अभिमान वाटला. धातूची वाटी महाग पडत होती आणि वाटीभोवती धातूची जाळी बसवावी ही सूचना मी खर्चासाठी बाजूला ठेवली होती. ड्रॉइंगवर सही माझी होती.

एका गिऱ्हाईक कारखान्यात पुढे कॉम्प्रेसरचे तेल बदलण्यात आले. आधीच्या खनिज तेलाऐवजी कृत्रिम एस्टर जातीचे, जास्त दिवस टिकणारे तेल आले. त्या तेलाचे सूक्ष्म तुषार हवेबरोबर नळांतून वाटीपर्यंत पोहोचत राहिले. चार महिन्यांनी एका सकाळी, हवा सुरू करताच, वाटी फुटली. शेजारी उभ्या असलेल्या एका तरुण हेल्परच्या चेहऱ्यावर तुकडे उडाले. त्याच्या डाव्या डोळ्याची नजर कायमची अधू झाली.

मी दुसऱ्या दिवशी तेथे गेलो. तुकडे भिंगाखाली पाहिले. वाटीच्या आतल्या बाजूला, गळ्यापाशी, जेथे ताण सर्वांत जास्त असतो तेथे, बारीक पांढऱ्या तड्यांची जाळी होती. केवळ त्या तेलात वाटी बुडवून ठेवली असती, तर ती इतक्या लवकर फुटली नसती. केवळ दाब असता, तर वर्षानुवर्षे टिकली असती. दोन्ही एकत्र आले आणि मी पाण्याने केलेल्या चाचणीत तेल नव्हतेच. माझ्या सिद्धतेत गणिताची चूक नव्हती, पक्षात एक ओळ कमी होती.

कॉम्प्रेसर सांभाळणारे एक वयस्क काका तेथे होते. त्यांनी मला गुजरातीत सांगितले, “साहेब, महिन्याभरापासून वाटी आतून धुरकट दिसत होती. मी सुपरवायझरला म्हटलेही होते.” मी त्यांना विचारले, “आम्हांला का नाही कळवले?” ते म्हणाले, “तुम्ही कधी आलात?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मागणीच्या कागदावर ‘हवा’ एवढाच शब्द होता. ती हवा कोणत्या कॉम्प्रेसरमधून येते, त्यात तेल कोणते, हे विचारायला मी गेलो नव्हतो.

त्या तरुणाला भरपाई मिळाली. चौकशीत माझे नाव कोणी घेतले नाही. रुग्णालयात त्याला भेटायला गेलो, तेव्हा वाटी मी ठरवली होती, हे मी त्याला सांगितले. तो काही बोलला नाही. त्याची आई मात्र म्हणाली, “दुसऱ्या ठिकाणच्या वाट्या तरी काढून घ्या.” आम्ही त्या सगळ्या परत मागवल्या. पुढच्या वाट्यांभोवती धातूची जाळी आली, जिथे तेलाची शंका तिथे धातूची वाटी आणि तिला लहानसे काचेचे बघण्याचे छिद्र आले. प्रत्येक नगावर कोणत्या तेलाजवळ ही वाटी वापरू नये, हे छापले गेले. खर्च वाढला. तो आधीच करायचा होता.

त्यानंतर मी माझ्या हाताखालच्या प्रत्येक मुलामुलीला एक नियम घातला. नव्या भागाचे पहिले पान कोरे घ्यायचे आणि वर ‘पक्ष’ असे लिहायचे. भार आणि त्याचा काळ, दोन्ही टोकांचे तापमान, ओल, ऊन, स्पर्श, घडण, आणि हा भाग मोडला तर जवळ कोण उभे असेल. ते पान भरायला टेबलापाशी बसायचे नाही. भाग जेथे लागणार आहे तेथे जायचे आणि तो रोज हाताळणाऱ्या माणसाशी बोलायचे. गुजराती, तमिळ, पंजाबी अशा कितीतरी भाषा बोलणारी मुले माझ्याकडे आली. ‘पक्ष’ हा शब्द त्यांना परका होता. पण आमच्या कार्यालयात तो सगळ्यांच्या तोंडी बसला. “पक्ष भरला का?” असे विचारणाऱ्या एका तमिळ सहकाऱ्याला हा शब्द बडोद्याच्या एका मराठी शाळेच्या फळ्यावरून आला आहे, हे ठाऊकही नव्हते.

पालकांच्या मनात एक प्रश्न असतो, तो मी ओळखून आहे. मराठी माध्यमात शिकलेले मूल तंत्रविद्येत मागे पडेल का? मी एवढेच सांगू शकतो की इंग्रजी माहितीपत्रके वाचायला मी नंतर शिकलो आणि त्याला फार वेळ लागला नाही. काय दिले आहे आणि काय काढायचे आहे हे वेगळे करण्याची सवय मात्र नंतर लागणे अवघड असते. ती मला येथे, माझ्या भाषेत लागली. मी ती एकदा मोडली, त्याची किंमत दुसऱ्याने भरली.

जाता जाता एक लहानशी भेट. शाळेच्या विज्ञान प्रयोगशाळेसाठी मी एक लाकडी पेटी आणली आहे. तिच्यात पारितोषिके नाहीत, मोडलेले भाग आहेत : फुगलेला नायलॉनचा गिअर, उन्हाने भुकटी झालेला खुर्चीचा पाय, आखूड पडलेले झाकण, आणि तळाशी कापडात गुंडाळलेला त्या वाटीच्या गळ्याचा एक तुकडा. प्रत्येकाला चिठ्ठी बांधली आहे आणि चिठ्ठीवर ‘पक्ष’ असे लिहून खाली जागा कोरी सोडली आहे. विद्यार्थिमित्रांनो, ती जागा तुम्ही भरायची आहे. माजी विद्यार्थ्यांना विनंती अशी की आपल्या घरी, आपल्या कारखान्यात काही मोडले तर फेकण्यापूर्वी या पेटीची आठवण ठेवावी.

भूमितीचे सर आज आपल्यात नाहीत. माझी वही मात्र माझ्याजवळ आहे आणि तिच्यात त्यांच्या लाल शाईतील ते तीन शब्द अजून वाचता येतात.